तिसरीत सुटलेली शाळा

परवा सिरोंच्याला बँकेत एक पोरगा माझ्याजवळ स्लिप भरून मागायला आला. पोरगा म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, इंद्रावतीपलीकडचा, छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातला, मिरची तोडायला आलेला. सही करताना पेन इतकं दाबलं की कागदच फाटला, मग म्हणाला राहू द्या, अंगठाच लावतो. तिसरीपर्यंत शिकला होता, पुढे गावात शाळाच राहिली नाही.

तेव्हापासून डोक्यात हिशोब चाललाय. २००५ ला तिकडे सलवा जुडूम, म्हणजे सरकारच्या पाठिंब्याने गावकऱ्यांना नक्षलवाद्यांविरुद्ध उभं करणारी मोहीम, सुरू झालं, गावंच्या गावं रिकामी झाली, कोणी कॅम्पात गेलं, कोणी जंगलात, कोणी गोदावरी ओलांडून गेलं. जवान शाळेत मुक्काम करतात म्हणून नक्षलवाद्यांनी शाळा उडवल्या, आणि जिथे जवान नव्हते अशाही उडवल्या. वर दोन्हीकडून पोरांच्याच हातात बंदुका दिल्या. २०११ ला सुप्रीम कोर्टाने शाळा-आश्रमशाळांतून फोर्स बाहेर काढा असा आदेश दिला, पण तोवर सहा वर्षं गेली होती ना!

आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात चांगलं कलम आहे, शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्या आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवा. पण कायदा सहा ते चौदा वयापुरता. २००५ ला सात वर्षांचं असलेलं पोर २०१२ ला चौदाचं झालं, आणि तिकडच्या बस्तर भागातल्या कित्येक बंद शाळा उघडल्या त्याच्याही बऱ्याच नंतर. म्हणजे हक्क आला तेव्हा शाळा नव्हती आणि शाळा आली तेव्हा हक्क संपला. हा अन्याय आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आता तिथे गावातलीच शिकलेली पोरं शिक्षादूत म्हणून झोपडीत वर्ग घेतात, गोंडीत समजावून सांगतात. त्यातल्या काहींचे नक्षलवाद्यांनी खून केले, तरी बाकीचे शिकवतायत. त्यांना पर्मनंट करा, संरक्षण द्या, एवढं तरी करा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती याने साठ जणांसोबत शस्त्रं टाकली, सगळ्या चॅनलवर दिसलं, चांगलंच झालं. त्यांच्यासाठी पुनर्वसनाची योजना आहे. ज्याने कधी बंदूक धरलीच नाही, नुसती शाळा गमावली, त्याच्यासाठी काय आहे?

सिरोंचा-अहेरीकडे मोठ्या माणसांना गोंडीतून लिहायला-वाचायला शिकवणारं कोणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. पोरगा मिरची संपेपर्यंत इथेच आहे.