‘कागद टाका, अर्ज काढा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

वकिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: केसचे सगळे कागद चॅटजीपीटीला द्या, दहा मिनिटांत न्यायनिवाड्यांसकट अर्ज तयार, ज्युनिअर ठेवायची गरजच नाही. एआयला माझा विरोध नाही, मी रोज वापरतो. पण हा सल्ला तंतोतंत पाळणारा वकील अशिलालाही गोत्यात आणेल.

आधी न्यायनिवाडे. निवाडा सापडला नाही, तर एआय तसा दिसणारा मजकूर बेधडक रचून देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला आव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असे मुळात नसलेलेच निवाडे दाखल केले. ते खरे आहेत का, हेही चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. उत्तर ‘हो’ आलं. पुढे ५,००० डॉलरचा दंड बसला. लांबचं कशाला, २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. सायटेशन म्हणजे निवाड्याचा संदर्भ-क्रमांक; तो ई-एससीआरवर (सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचं पोर्टल) किंवा हायकोर्टाच्या साइटवर उघडा, नेमका परिच्छेद वाचा, मगच अर्जात घाला.

कायदा एआयला तोंडपाठ असतो म्हणे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आपलं नेहमीचं क्वॉशिंग, म्हणजे गुन्हा किंवा खटला रद्द करून घेणं. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि क्वॉशिंग गेलं ५२८ मध्ये. कित्येक दशकांचे निवाडे जुन्याच आकड्यांनी भरलेत, त्यामुळे इथे एआयची गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

‘सगळे कागद द्या’ हे मला सर्वांत गंभीर वाटतं. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही, हे साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ सांगतं. फुकटच्या अॅपमध्ये जबाब टाकला की तो परक्या कंपनीच्या सर्व्हरवर गेला. नावं, पत्ते, गट नंबर आधी काढा. पीडितेचा जबाब तर टाकूच नका.

राहिला ज्युनिअर. चेक बाउन्सची नोटीस एआय सुरेख लिहितं; पण चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कधी हातात पडला, नोटिशीचे ३० दिवस कुठून मोजायचे, पोचपावतीवर सही कुणाची, हे कागद हातात घेऊन बघावं लागतं. त्यापेक्षा ज्युनिअरच्याच हाती एआय द्या. जमिनीच्या दाव्यात नावं झाकलेल्या फेरफारांची तारीखवार यादी त्याला एआयकडून काढू दे, आणि एकेक नोंद मूळ उताऱ्याशी ताडायला लावा.