सव्वा तासाचं विमान अन् साडेनऊ तासांचा प्रवास

"नागपूर ते पुणे किती वेळ लागते?" हे मला आता कोणी विचारूच नका. मोबाइलवर टाकलं की फटकन उत्तर येते: हवाई अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास, वेळ सव्वा ते दीड तास. हे ज्यानं लिहिलं त्याला एकदा नागपूरच्या महालातून पुण्याच्या कोथरूडला पाठवा. तिकीट मी काढतो.

भाच्याचा साखरपुडा संध्याकाळी सातला, विमान दुपारी 3:10चं. म्हणजे पाचच्या आत लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर, सहापर्यंत घरी, वर कपडे बदलायला वेळ. असा हिशेब मांडून साडेबाराला निघालो. मेट्रोनं गेलो, कारण स्टेशनचं नावच एअरपोर्ट आहे ना! उतरल्यावर कळते की टर्मिनल अजून पुढेच आहे. मे महिना, 45 डिग्री, हातात संत्रा बर्फीचे चार डबे आणि ऑटोवाल्याशी घासाघीस.

आत पोचलो तर मेसेज. विमान 4:00ला. मग 4:50. मग 5:30. अरे, एकदाच सांगून टाका ना बे! माणूस घरी जाऊन झोपून तरी येईल. दोन तासांच्या वर उशीर झाला की खायला द्यावं लागते, असा नियम आहे म्हणे. दिलं की. एक गार समोसा अन् ज्यूसचं चिमुकलं खोकं, तेही रांगेत उभं राहून. कारण विचारलं तर 'ऑपरेशनल'. काउंटरवरच्या पोरीवर ओरडून उपयोग नव्हता, तिलाही तेवढंच माहीत होतं.

राग कशाचा येतो सांगू? हेच सोनेगाव, म्हणजे आमचं नागपूरचं विमानतळ, 1949 साली अख्ख्या देशाचं टपाल सांभाळायचं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री इथं उतरायची, पोती बदलायची अन् परत उडायची. नागपूर मधोमध म्हणून. तेव्हा मद्रासचं पत्र रातोरात दिल्लीला. अन् आज मी, जिवंत माणूस, बोर्डिंग पास घेऊन, त्याच गावात खुर्चीला चिकटून!

शेवटी आत बसवलं, तर अर्धा तास जागेवरच, एसी नावालाच. सव्वासहाला उडालो. पुण्यावर आल्यावर आकाशात घिरट्या, कारण लोहगाव हवाई दलाचं, धावपट्टी एकच. 7:50ला चाकं टेकली. बॅग यायला अर्धा तास, मग कॅबवाले एकामागून एक राइड कॅन्सल करत सुटले. कोथरूडला दहा वाजले.

साडेनऊ तास. सहाशे किलोमीटरला भागा, ताशी 63 पडतात. नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला सुटणारी वंदे भारत भुसावळ-मनमाड-दौंड असा वळसा घालून 881 किलोमीटर बारा तासांत जाते, म्हणजे ताशी 73. रुळावरची गाडी माझ्या विमानाच्या पुढे, राजेहो! तिकीट मात्र मी तिच्या तिप्पट पैशांचं काढलेलं.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. बर्फी वितळून डब्याला चिकटलेली. मोठी मावशी आदल्या रात्री ट्रॅव्हल्सनं निघून सकाळीच आली होती, झोप काढून, जेवून, पान लावून बसलेली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाली, "काऊन रे बाप्पा, इमान पंक्चर झालतं काय?"