बडोद्याला मूल आणलं म्हणजे प्रश्न सुटला?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुणाच्या लेकीचा किंवा मुलाचा संसार इंग्लंडात मोडायला आला, की घरून पहिला सल्ला ठरलेला: "पोराला घे आणि सरळ निघून ये. इथे आल्यावर कोण हात लावतोय!" हल्ली या सल्ल्याला कायद्याचा मुलामा चढवतात. मुलांना परदेशी पळवून नेण्याबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही, म्हणजे मूल परत पाठवायचं बंधन नाही, असा तो हिशेब. जोडीला दुसरं वाक्य असतंच: तिकडे काडीमोड म्हणजे पोरखेळ झालाय. दोन्ही वाक्यांचा मला संताप येतो. पहिल्याचा जास्त, कारण त्याच्या मागे लागून लेकरांची वर्षं वाया जातात.

करारात भारत नाही, हे खरं. पण इंग्लंडात 1984 चा कायदा आहे. 16 वर्षांखालचं मूल दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा 7 वर्षांपर्यंत. मूल तुमच्याकडे राहील असा कोर्टाचा आदेश असेल, तरच संमतीविना महिन्याच्या आतली सहल चालते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर निघताना कुणी काही विचारत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालून गेलं. चटका बसतो तो परतताना. मग नोकरी, घर, व्हिसा सगळं इंग्लंडात आणि तिथेच पाऊल ठेवायची चोरी.

भारतातही गोष्ट इतकी सरळ नाही. 2017 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, निर्णय मुलाच्या हितावर होईल. घरचे हुशार लोक इथेच वाचायचं थांबतात. त्याच कोर्टाने 2019 आणि 2020 मध्ये मुलं अमेरिकेला परत पाठवली, हे कुणी सांगत नाही. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात अर्ज कुठे करायचा हे मूल 'सामान्यतः राहतं' कुठे यावर ठरतं. चार वर्षं इंग्लंडातल्या लेस्टरच्या शाळेत गेलेलं पोर कारेलीबागेत दोन महिने झोपलं म्हणून बडोद्याचं होत नाही. दुसरा पालक अहमदाबादला हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे मूल कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, लावतो, आणि तारखांवर तारखा पडत असताना पोराची लेस्टरची शाळा सुटलेली असते, बडोद्याची लागलेली नसते.

मुलाला घेऊन भारतात परतायचंच असेल तर इंग्लंडच्या कोर्टाकडे परवानगी मागा. आधी मध्यस्थीची बैठक, मग मुलांबाबतच्या अर्जाचा सी-100 फॉर्म. सोबत बडोद्याच्या शाळेचं प्रवेशाचं पत्र, राहायचं घर, खर्चाची तजवीज, आणि दुसऱ्या पालकाला मूल किती वेळा, कुणाच्या खर्चाने भेटेल याचा लेखी आराखडा. हा शेवटचा कागद कच्चा असला की अर्ज पडू शकतो. घरात मारहाण असेल तर मध्यस्थीची सक्ती नाही. एफएल-401 या फॉर्मवर कोर्टाकडे संरक्षणाचा आदेश मागता येतो, फी नाही, आणि धोका तातडीचा असेल तर समोरच्याला न कळवताही मिळतो. मार खाणाऱ्या बाईला "तिकीट काढ" म्हणण्याआधी घरच्यांनी तिला एवढं तरी सांगावं.

उलट, जोडीदारच मूल घेऊन जाईल अशी भीती असेल, तर पासपोर्ट कपाटात लपवून भागत नाही. ब्रिटिश पासपोर्टसाठी एका पालकाचा अर्ज पुरतो. कोर्टाकडून मनाईचा आदेश घ्या आणि तो पासपोर्ट कार्यालयाला कळवा. निघण्याचा धोका एक-दोन दिवसांवर आला असेल तर पोलिसांकडून विमानतळांना इशारा लावता येतो, तो 28 दिवस टिकतो.

आता तो 'पोरखेळ'. 6 एप्रिल 2022 पासून इंग्लंडात दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो. पण लग्नाला वर्ष व्हावं लागतं, अर्जापासून 20 आठवडे थांबावं लागतं, मग आणखी 6 आठवडे. हिंदू विवाह कायद्यात संमतीने घ्यायचा तर वर्षभर वेगळं राहणं आणि पुढे 6 महिने, जे 2017 च्या निकालानंतर कोर्ट माफही करू शकतं. फरक फार नाही. आणि बडोदेकरांनी तरी घटस्फोटाला परदेशी खूळ म्हणू नये. सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 साली झाला, देशाच्या कायद्याच्या 24 वर्षं आधी.

खरी चूक वेगळीकडेच होते. इंग्लंडात एकट्याने अर्ज करून घटस्फोट घेतला, समोरच्याने भाग घेतला नाही किंवा संमती दिली नाही, तर 1991 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे भारतात तो मानला जाईलच असं नाही, कारण हिंदू विवाह कायद्यात नुसतं 'लग्न मोडलं' हे कारणच नाही. माणूस बडोद्यात दुसरं लग्न करायला जातो आणि अडकतो. म्हणून संयुक्त अर्ज करावा, संमती लेखी ठेवावी. बडोद्याचा लग्नाचा दाखला गुजरातीत असेल तर इंग्लंडच्या अर्जाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. भारतात वकीलपत्र पाठवायचं तर नोटरी, अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का), आणि तिथे पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांक.

आपल्याकडे मुलासाठी शब्द वापरतात 'ताबा'. फ्लॅटचा ताबा, प्लॉटचा ताबा, पोराचा ताबा. इंग्लंडच्या कायद्याने असे शब्द टाकून दिले, आता नुसतं मूल कुठे राहील आणि कुणाबरोबर कधी वेळ घालवेल एवढंच लिहितात. शब्द बदलला की भांडण संपत नाही, पण लिहायचं काय ते बदलतं. आणि लिहिताना बारीक लिहावं लागतं. समजा, वडील बडोद्याला, मूल लेस्टरला. फोनची वेळ 'रात्री साडेनऊ' लिहिली. उन्हाळ्यात लेस्टरला संध्याकाळचे 5, मूल घरी. ऑक्टोबरअखेर इंग्लंडातलं घड्याळ तासभर मागे गेलं की तेच 4, मूल आफ्टर-स्कूल क्लबात. तीन आठवडे फोन लागत नाही, वडील म्हणतात आई मुद्दाम करते, आणि प्रकरण पुन्हा वकिलांकडे. वेळ नेहमी मुलाच्या घड्याळाने लिहावी. पोषणखर्चातही तसंच: आठवड्याला 600 पौंड मिळकत, एक मूल, तर 12 टक्के म्हणजे 72 पौंड. मूल वर्षात 104 रात्री खर्च देणाऱ्या पालकाकडे झोपलं की सुमारे 51. त्यामुळे रात्रींवरून वाद होतात, त्या आधीच मोजून लिहा.

इंग्लंडच्या कायद्याची इतकी बाजू घेतल्यावर एक कबूल करायला हवं. या व्यवस्थेत आजीला जागा नाही. आजी-आजोबांना नातवंडासाठी अर्ज करायचा तर आधी कोर्टाची परवानगी लागते. घरचे "घेऊन ये" म्हणतात ते याच पोकळीतून, हे मला कळतं. म्हणून पालकांच्या आराखड्यात आजोळ नाव घालून लिहावं: रविवारी आजीचा फोन, मराठीतून, ऑगस्टच्या सुट्टीतले दोन आठवडे बडोद्याला, परतीच्या तिकिटाच्या तारखेसह, गणपती सुट्टीत येत असतील त्या वर्षी ते दिवस धरून.

घटस्फोटाच्या अर्जात मात्र एक मुद्दा असा आहे की तिथे मीही थबकते. इंग्लंडचा कायदा दोन गोष्टी वेगळ्या विचारतो. एक, नेहमीचं राहणं कुठे: शाळा, डॉक्टर, पगार, याचं उत्तर लेस्टर. दुसरं, डोमिसाइल: कायमचं ठिकाण कोणतं मानता? जन्माने मिळालेलं ते, दुसरीकडे कायमचं राहायचं ठरवेपर्यंत सुटत नाही. वीस वर्षं इंग्लंडात कर भरूनही त्या प्रश्नाला माझं उत्तर अजून बडोदं आहे.