मोजणीत मी होतो, मतदानात नव्हतो

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ आता नाही, हे माझ्या मामाला अजून पटलेलं नाही. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते ज्या जागेवरून दिल्लीला गेले, ती २००८च्या पुनर्रचनेत पुसली गेली. कुलाबा, रत्नागिरी, राजापूर या तिघांचे रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन झाले. तिकडे ठाणे जिल्ह्यात डहाणू आणि ठाणे या दोघांचे चार झाले. मामाचं त्यावरचं भाष्य ठरलेलं आहे : "पोरं मुंबईला गेली, आणि मागून आमची जागाही गेली."

सध्या घरच्या ग्रुपवर पुनर्रचनेचाच विषय आहे, पण कोकणाचा नाही, उत्तर-दक्षिणेचा. राज्यांच्या वाट्याला लोकसभेच्या किती जागा, हे आजही १९७१च्या जनगणनेवर चालतं. आणीबाणीत, १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने ते गोठवलं. पुढे ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २००८ला बदलल्या त्या राज्यांच्या आतल्या सीमा. राज्यांचे आकडे तसेच राहिले : उत्तर प्रदेश ८०, महाराष्ट्र ४८, तामिळनाडू ३९, केरळ २०. २०११च्या लोकसंख्येने भागलं तर उत्तर प्रदेशात एका खासदारामागे सुमारे २५ लाख माणसं येतात आणि केरळात १७ लाखांच्या आत. उत्तरेला हा अन्याय वाटतो. दक्षिण म्हणते, आजच्या लोकसंख्येने जागा वाटल्या तर आमचा वाटा घटेल; कुटुंबनियोजन आम्ही मनावर घेतलं त्याची ही शिक्षा का? ग्रुपवर आमचे लोक दोन्ही बाजूंनी हिरिरीने भांडतात. गंमत अशी, की आपण यात नक्की कुठे उभे आहोत हे कोणी पाहत नाही.

मी पाहिलं. देशाच्या लोकसंख्येत तामिळनाडूचा वाटा १९७१ला साडेसात टक्के होता, २०११ला सहाच्या आसपास आला. केरळचा चारच्या जवळून पावणेतीनवर. महाराष्ट्राचा तेव्हा ९.२ टक्के होता, चाळीस वर्षांनी ९.३. जवळजवळ जागच्या जागी! आणि हे आपल्या घरातल्या पाळण्यांमुळे झालेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर एका बाईमागे १.७ मुलं असा होता, म्हणजे आपण त्या बाबतीत दक्षिणेच्याच पंगतीत आहोत. तरी वाटा टिकला, त्यात मोठा हात बाहेरून आलेल्यांचा आहे. ज्यांच्या नावाने ग्रुपवर बोटं मोडली जातात त्या उत्तर भारतीयांची जनगणना भिवंडीत आणि नालासोपाऱ्यात होते, आणि ती महाराष्ट्राच्या खात्यात जमा होते. त्यांच्यातल्या कित्येकांचं मत मात्र गावाकडच्या यादीतच असतं.

हे मला टोचतं, कारण तो माणूस मीच आहे. फक्त देश वेगळा.

२००९ला मी टोरोंटोला आलो. २०११च्या मे महिन्यात इथली जनगणना झाली, मी इमानदारीत फॉर्म भरला. त्या मोजणीनंतर कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या जागा ३०८वरून ३३८ झाल्या, एकट्या आमच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या १०६च्या १२१. त्या पंधरा वाढीव जागांत माझाही एक चिमूटभर वाटा होता. २०१५ला त्यांच्यासाठी पहिली निवडणूक झाली, तेव्हा मी नागरिक नव्हतो. घरी बसून निकाल पाहिले. इथे जागा ठरतात त्या माणसांवर, मतदारांवर नाही. भारतातही तत्त्व तेच.

पुढची पुनर्रचना २०२१च्या मोजणीवर झाली, तोवर मी नागरिक झालो होतो. एकूण जागा ३४३ झाल्या, पण टोरोंटो शहराच्या २५च्या २४. गेलेली जागा आमचीच, डॉन व्हॅली ईस्ट. तिचा एक तुकडा स्कारबरो सेंटरला जोडला गेला. प्रत्येक प्रांतासाठी तिघांचा आयोग असतो आणि त्यावर अध्यक्ष न्यायाधीश. मी एका सुनावणीला नुसता श्रोता म्हणून बसलो होतो. कंटाळवाणा प्रकार. शेजारचा रस्ता कुठल्या बाजूला जावा यावर एक आजोबा दहा मिनिटं बोलले आणि आयोगाने ती लिहून घेतली. खासदारांना आक्षेप घेता येतो, शेवटचा शब्द आयोगाचा. भारतातही आयोगावर न्यायाधीश असतात, जाहीर बैठकाही होतात. पण सहयोगी सदस्य म्हणून जे बसतात ते सगळे खासदार आणि आमदार. मत नसलं तरी खुर्ची त्यांची.

इथे समानता आहे असं मात्र कोणी समजू नये. प्रिन्स एडवर्ड आयलंड या प्रांताची वस्ती २०२१च्या मोजणीत दीड लाखाच्या थोडी वर, खासदार चार. कारण वरच्या सभागृहात त्यांचे सिनेटर चार आहेत आणि खासदार त्यांहून कमी असू शकत नाहीत, असं १९१५पासून घटनेतच आहे. लॅब्रॅडोरमध्ये सुमारे २७ हजार माणसांना एक खासदार. ऑन्टॅरिओत सरासरी १ लाख १६ हजारांना. विषमता ढळढळीत आहे, पण तिचं कारण कागदावर आहे आणि ते कोणालाही वाचता येतं.

क्वेबेक प्रांताचं उदाहरण तर चेन्नईत भिंतीवर लावण्यासारखं आहे. या वेळच्या सूत्राने त्यांची एक जागा कमी होत होती. ओरड झाली, २०२२ला कायदा बदलला आणि ७८ जागा राखल्या. फटाके वाजवण्यापूर्वी मागे पाहावं : १८६७ला क्वेबेककडे १८१पैकी ६५ जागा होत्या, छत्तीस टक्के. आज ३४३पैकी ७८, म्हणजे तेवीसही नाहीत. जागा वाढल्या आणि वजन घटलं. "दक्षिणेची एकही जागा कमी होणार नाही," असं आश्वासन अमित शहांनी २०२५च्या फेब्रुवारीत कोइम्बतूरला दिलं, ते मी या चष्म्यातून वाचतो. नव्या लोकसभेच्या दालनात ८८८ खुर्च्या आहेत; तेव्हा कोणाचीच खुर्ची न काढता तामिळनाडूला मागच्या बाकावर सरकवणं सहज शक्य आहे.

म्हणून मला वाटतं, राज्यांच्या वाट्याचे टक्के आहेत तसे ठेवावेत, एकूण जागा वाढवाव्यात आणि त्या वाढीव जागा राज्याच्या आत खऱ्या लोकसंख्येने वाटाव्यात. उत्तरेवर यात अन्याय होतो, मान्य. पण तो घटनेत कारणासकट लिहावा, दर पंचवीस वर्षांनी नुसतं पुढे ढकलू नये. आणि हा प्रस्ताव महाराष्ट्राने मांडावा. आपला वाटा कुठल्याही हिशेबाने फारसा हलत नाही, त्यामुळे आपल्यावर स्वार्थाचा आरोप कठीण.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे राजापूर परत मिळेल?"

राज्याच्या आत लोकसंख्येनेच वाटायचं म्हटल्यावर नाही मिळणार, मामा. नव्या जागांतल्या बहुतेक ठाण्या-पुण्याकडे जातील.

"मग तुझं ते डॉन व्हॅली गेलं तेव्हा तू काय केलंस?"

काही नाही. सुनावणीला गेलो होतो, पण बोललो नाही.