पाणलोट, कांस आणि मगर

बडोद्याच्या विश्वामित्री नदीविषयी लोकशिक्षण करण्याचे काम आमच्या स्वयंसेवक मंडळींनी माझ्याकडे सोपवले, ते केवळ माझा आवाज मोठा आहे म्हणून. काठावरचा कचरा उचलणारे दुपारी हात धुऊन घरी जातात. मला मात्र दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत जिथे चार माणसे जमतील तिथे, आणि तीही बहुधा नंतरच्या सेवउसळीसाठी जमलेली असतात, भिंतीला नकाशा टांगून उभे राहावे लागते.

मी तळमळीने सांगतो की, ही नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्यातून वळणे घेत पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जाते. ज्यांना आपण कांस म्हणतो ते ओढे शहरातला पाऊस तिच्यापर्यंत पोहोचवतात, म्हणून भूखी कांसासारखा ओढा बुजवून कोणी वर कंपाउंड घातले, तर ते पाणी रुसून माघारी जात नाही, आपल्या दिवाणखान्यात येते. एवढ्यात मागून हात वर होतो. "काका, नदीतली मगर किती फुटांची असते?"

त्यानंतर पाणलोटाचे, म्हणजे जिथला पाऊस नदीला येऊन मिळतो त्या साऱ्या प्रदेशाचे, कोणी नाव काढत नाही. ऑगस्ट २०२४च्या पुरात बडोद्याच्या अकोटा भागात एक मगर छपरावर जाऊन बसली होती. त्या एका छपरासमोर त्या दिवशी निम्मे बडोदे हजर असावे, असे सभांमधील प्रत्यक्षदर्शींच्या संख्येवरून वाटते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगरीचे नाव आहे. लोकशिक्षण करणाऱ्या स्वयंसेवकाला असे कोणतेही संरक्षण नाही.

अखेर मी व्याख्यानाची मांडणीच बदलली आणि सगळा पाणलोट मगरीच्या तोंडी दिला. मगर उन्हाळ्यात काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिले बाहेर येतात. काठ दगडासिमेंटने बांधून काढला तर तिने खणायचे कुठे, आणि त्याच मातीत मुरणारे पाणी तरी जायचे कुठे, असे विचारले की सभा गंभीर होते. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून भिरकावणाऱ्या एका मावशींनी तर "अगबाई, तिच्या पिलांच्या नरड्यात अडकेल हो!" म्हणत ती पिशवी त्याच दिवशी बंद केली. आपल्या नातवंडांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मी इतके दिवस दिलेला हवाला त्यांनी पदराआड जांभई देत ऐकला होता.

परवा एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मागच्या कांसात राडारोडा टाकणे थांबवण्याचा ठराव एकमताने मंजूर करून घेतला. मी भारावून आभार मानायला उठलो, तेव्हा त्यांनी ठरावाचे दुसरे कलम वाचून दाखवले: कांस मोकळा झाल्यावर त्या वाटेने मगर सोसायटीत येणार नाही, अशी हमी व्याख्याते काकांनी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावी, आणि स्टॅम्पचा खर्च त्यांनीच सोसावा.