कोकणातल्या बायकांना टीव्हीनं राजकारणात आणलं म्हणे!

‘न्यूज चॅनेल आली आणि कोकणातली बाई चूल सोडून राजकारणात उतरली,’ असा मेसेज गावाकडच्या ग्रुपवर फिरतोय. सोबत तीन कारणं, आणि शेवटी सल्ला: बायकांनी रोज रात्रीची चर्चा बघावी.

पहिलं कारण, आधी इथल्या बायका राजकारणात नव्हत्याच. साफ खोटं. कुसुम अभ्यंकर १९७८ साली रत्नागिरीतून आमदार झाल्या, तेव्हा खासगी चॅनेल हा प्रकारच देशात नव्हता. शेतकरी कामगार पक्षाच्या मीनाक्षी पाटील १९९५ ला अलिबागमधून निवडून आल्या. चोवीस तास मराठी बातम्या सुरू झाल्या २००७ मध्ये. आणि जून १९९७ मध्ये एन्रॉनच्या वीजप्रकल्पाला विरोध केला म्हणून गुहागरजवळच्या वेलदूरच्या बायकांनी पोलिसांचा मार खाल्ला, तो काय कुठला अँकर बघून?

दुसरं, पडद्यावर बाई दिसते म्हणून सरपंचही बाई होते. सरपंच बाई होते ती आरक्षणाच्या सोडतीत ‘महिला’ निघालं म्हणून. १९९३ पासून एक तृतीयांश जागा, २०११ मध्ये राज्यानं निम्म्या केल्या. सोडत निघाली की पुढारी आपल्याच घरात उमेदवार शोधतो आणि ‘सरपंचपती’ कारभार बघतो, हे आपण सगळेच जाणतो. पण सगळीकडे तसंच चालतं असं नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. मे महिन्यात विहिरीनं तळ गाठला की टँकर कुठल्या वाडीत आधी जाणार, नळयोजनेची टाकी बांधून झाली तरी पाणी का चढत नाही, हे ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, विचारायला मागे उरतं कोण? एका सरपंच बाईंना मी चर्चांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘टीव्ही बघूक येळ खंय गावता?’’

तिसरं, टीव्हीमुळे बाईला बळ आलं. यात थोडं तथ्य आहे. केबल टीव्ही आल्यावर खेड्यातल्या बायकांचा घरातल्या निर्णयांत वाटा वाढला, असं अर्थतज्ज्ञ जेन्सन आणि ऑस्टर यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं. त्यात शेजारच्या गोव्यातली गावंही होती. पण तो अभ्यास घरातल्या अधिकाराचा, निवडणुकीचा नव्हे. शिवाय तिथं बघितल्या जात होत्या त्या मुख्यतः मालिका, पक्षप्रवक्त्यांची भांडणं नाहीत.

उलट राजापूरजवळच्या बारसूत बघा. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाला विरोध म्हणून बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, मग कॅमेरे धावले. आधी बाई, मागून टीव्ही. मेसेजवाल्यानं नेमकं हेच उलटं मांडलंय.

राहिला सल्ला. चर्चा खुशाल बघा. पण ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. नसेल लागली, तर का नाही लागली ते ग्रामसेवकाला विचारा.