यहोशवाच्या सूर्याला नासाचा दाखला कशाला?

आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतो आहे. नासाच्या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर ग्रहताऱ्यांच्या जागा मागे मागे मोजत नेल्या, कॉम्प्युटर अचानक अडला, काळात एक दिवस कमी भरला. मग कुणीतरी बायबल उघडलं आणि हिशेब लागला: इस्राएलचा सेनानी यहोशवा याच्या लढाईत सूर्य थांबला ते २३ तास २० मिनिटं, हिज्कीया राजाच्या वेळी छाया दहा अंश मागे गेली ती ४० मिनिटं. खाली आणखी जोड आहे. डार्विननं मरताना पश्चात्ताप केला, सगळे थोर शास्त्रज्ञ ख्रिस्ती होते, आणि 'प्रभूची लाज वाटत नसेल तर पुढे पाठवा'.

आजवर मी असले मेसेज पुसून टाकत होते. पण अकरावी सायन्सला असलेल्या माझ्या भाचीनं हा मजकूर संडे स्कूलच्या मुलांना वाचून दाखवला. नासाचं नाव होतं, म्हणून तिला खरा वाटला. आता गप्प बसवत नाही.

आधी तो कॉम्प्युटर. कॉम्प्युटर असा अडत नाही. आज ग्रह कुठे आहेत आणि कोणत्या नियमानं फिरतात, एवढ्यावरून तो मागचं गणित करतो. तीन हजार वर्षं मागे न्या, तो निमूटपणे उत्तर देईल. मधे एखादा दिवस पृथ्वी थांबली होती का, हे त्याला कळायला वाटच नाही. ते कळायचं तर त्या दिवसाच्या आधीची आकाशातली एखादी घटना कुणीतरी तारखेसकट लिहून ठेवलेली हवी.

खगोलशास्त्रज्ञ अशी पडताळणी खरोखर करतात. इ.स.पू. १३६ मध्ये बॅबिलोनला खग्रास सूर्यग्रहण दिसलं, त्याची नोंद मातीच्या पाट्यांवर आहे. दिवसाची लांबी कायम आजच्याएवढीच होती असं धरून गणित केलं, तर त्या ग्रहणाची सावली बॅबिलोनच्या कितीतरी पश्चिमेला पडायला हवी होती. या फरकावरूनच कळतं की पृथ्वीचं फिरणं अगदी हळूहळू मंदावत आलं आहे, शतकाला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबानं. माणसानं लिहून ठेवलं होतं म्हणून हे कळलं. यहोशवाच्या आधीची अशी भरवशाची, तारीखवार नोंद कुणाकडेच नाही. मग दिवस कमी भरला तो कशाच्या तुलनेत?

ही गोष्ट आली कुठून तेही माहीत आहे. बाल्टिमोरच्या एका इंजिन कंपनीचा अध्यक्ष हॅरल्ड हिल ती भाषणांत सांगायचा. १९७० च्या सुमारास ती अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आली आणि पसरली. नासाच्या गोडार्ड केंद्रानं असलं काही घडल्याचं तेव्हाच नाकारलं. हिलकडे पुरावा मागितला, तर त्याला कागद सापडेनात. आणि ते मिनिटांपर्यंतचे आकडे? ते चार्ल्स टॉटन नावाच्या लेखकानं १८९० मध्येच छापले होते. नासा स्थापन झाली १९५८ मध्ये. त्यातल्या ४० मिनिटांना तर कॉम्प्युटर लागतच नाही. ३६० अंशांना २४ तास, तर १० अंशांना किती, हे त्रैराशिक शाळेतली मुलं सोडवतात.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती वचनाच्या निवडीची. सूर्य थांबल्याचं यहोशवाच्या दहाव्या अध्यायातलं हेच वचन गॅलिलिओच्या विरोधात वापरलं गेलं होतं. पवित्र शास्त्रात सूर्य थांबला म्हटलंय, म्हणजे फिरतो सूर्यच, पृथ्वी नाही, असा तो युक्तिवाद. १६१५ मध्ये गॅलिलिओनं टस्कनीच्या क्रिस्टिना राणीसाहेबांना लांबलचक पत्र लिहून त्याला उत्तर दिलं आणि त्यात प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिनचा आधार पुन्हा पुन्हा घेतला. तरी १६३३ मध्ये त्याला शिक्षा झालीच. त्या खटल्यात चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये उघडपणे मान्य केलं. एवढी किंमत मोजून झाल्यावर पुन्हा त्याच वचनातून आपण खगोलशास्त्र काढायला बसलोय!

डार्विनचं थोडक्यात. तो १८८२ मध्ये वारला. लेडी होप या बाईंची पश्चात्तापाची कथा छापली गेली १९१५ मध्ये. वडिलांच्या मृत्युशय्येजवळ असलेल्या हेन्रिएटानं, त्याच्या मुलीनं, १९२२ मध्ये स्पष्ट लिहिलं की त्या बाई आजारपणात तिथे नव्हत्याच आणि वडिलांनी आपलं कोणतंही शास्त्रीय मत मागे घेतलं नाही. विषय संपला.

थोर शास्त्रज्ञ ख्रिस्ती होते, यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करायला हवं. मेंडेल मठातला संन्यासी होता आणि त्याच मठाच्या बागेत त्यानं वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग केले. विश्वाची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असं १९३१ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू. पण 'सगळे' नाहीत. मेसेजमधल्या यादीत पहिला असलेला न्यूटन त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नव्हता, आपल्या किती मंडळ्यांनी त्याला सभासद करून घेतलं असतं?

आणि लमेत्रचं नाव घेता, तर तो कसा वागला तेही सांगा. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात सुचवलं की नवं विज्ञान बायबलमधल्या उत्पत्तीच्या वर्णनाला दुजोरा देतंय. लमेत्र सुखावला नाही, अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत चुकीचा ठरू शकतो आणि तो धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, ही त्याची भूमिका शेवटपर्यंत राहिली. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाची ही भूमिका आहे.

राहिली लाजेची गोष्ट. सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टिननं उत्पत्तीच्या पुस्तकावरच्या आपल्या भाष्यात लिहून ठेवलंय: आकाश, तारे, ग्रहणं यांबद्दल बाहेरच्या माणसाला अभ्यासानं नीट माहिती असते. ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावानं त्याविषयी चुकीचं बोलताना त्यानं ऐकलं, तर पुनरुत्थानाबद्दल तो आपल्यावर विश्वास का ठेवील? संडे स्कूलची ती मुलं उद्या कॉलेजात जातील. नासाची गोष्ट खोटी होती हे तिथे कळलं, की येशूच्या रिकाम्या कबरेची गोष्टही ती त्याच खात्यात टाकतील. ज्यांनी मेसेज पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर 'हे खोटं आहे' असं लिहावं, आणि येत्या रविवारी मुलांनाही सांगावं.